त्या ‘मी’नंतरचं गाणं

मानेवर वस्तरा होता म्हणून तो हलला नाही, नाहीतर खुर्चीतून उठून उभाच राहिला असता. सलूनमधल्या रेडिओवर गाणं लागलं होतं आणि ते जिथे थांबायला हवं तिथे थांबलं नाही. ‘तू निघालास तेव्हा मी’ एवढं म्हणून ती बाई गप्प होते, हे त्याला पुरतं पाठ होतं. त्या गप्प होण्यावर त्याने महिन्यापूर्वी अख्खं परीक्षण लिहिलं होतं आणि त्यातलं शेवटचं वाक्य एव्हाना लोकांच्या तोंडी बसलं होतं. पण रेडिओतली बाई काही गप्प झाली नाही. ‘मी’नंतर तिने श्वास घेतला, मागचा ऑर्गन हळूच चढला आणि ती सरळ पुढे गायला लागली. काय गात होती देव जाणे, कारण नेमका तेव्हाच शेजारच्या खुर्चीवर कुणाचे तरी केस वाळवायला ड्रायर सुरू झाला आणि त्या घोंघाटातून नुसता आवाज येत राहिला, वर जाणारा, मग रुंद होत जाणारा, शब्द नसलेला. समोरच्या आरशात पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एक पन्नाशीचा गृहस्थ डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होता.

‘मान खाली, साहेब,’ न्हावी म्हणाला.

‘हे गाणं... संपलं नव्हतं का आत्ता?’

‘हे? छे हो! हे लांबलचक आहे. खरी गंमत तर आता पुढेच. माझी बायको या जागेला भांडी घासायची थांबते.’

‘काय म्हणते ती पुढे?’

‘कोण, बायको?’

‘गाणारी हो.’

‘शब्दांकडे कोण लक्ष देतंय, साहेब! आपले हात कामात. मान खाली घ्या बघू.’

बाहेर आला तेव्हा कॉलरमध्ये बारीक केस टोचत होते आणि ऊन सपाट पडलं होतं. वर्तमानपत्रात नव्या गाण्यांची परीक्षणं लिहिणं हा त्याचा धंदा. ऑफिसात त्याला कानसेन म्हणत, तोंडावर थट्टेने आणि पाठीमागे जरा जास्त थट्टेने. त्याचे काही नेम होते आणि ते त्याने व्रतासारखे सांभाळले होते. अल्बमबरोबर कंपनी जे काही लिहून पाठवते ते वाचायचं नाही. कान आधी, कागद नंतर, आणि नंतर म्हणजे कधीच नाही. परीक्षण एकदा लिहून दिलं की तो अल्बम पुन्हा लावायचा नाही. वाचकांची पत्रं उघडायची नाहीत. दुसऱ्याच्या नाकाने वास घेऊ नये, असं तो नव्या लोकांना ऐकवत असे आणि नवे लोक मान डोलावून आपापल्या टेबलाशी जाऊन हसत. तरी त्याला या नेमांचा अभिमान होता. घरात दुसरं कुणी राहिलं नव्हतं तेव्हा नेम होते, आणि माणसाला सकाळी उठायला काहीतरी लागतंच. आता चालता चालता त्याच्या ध्यानात येत होतं की या नेमांनीच आपला घात केलेला असणार. कंपनीने काहीतरी कळवलेलं असणार. शेवटचं गाणं बाहेर फुटू नये म्हणून अर्धंच दिलंय, असं त्या न वाचलेल्या मजकुरात कुठेतरी नीट, नम्र भाषेत लिहिलेलं असणार. इतर सगळ्या परीक्षकांनी ते वाचलं असणार. एकाने लिहिलं होतं, आवाज मोठा आणि गाणी लहान. दुसऱ्याने लिहिलं होतं, पहिल्याच अल्बममध्ये ही बाई इतकी थकलेली वाटते, मग दुसऱ्यात काय करणार. तिसरा, जो कुणालाच कधी नावं ठेवत नाही, त्याने छान म्हटलं होतं. शेवटच्या गाण्याबद्दल मात्र तिघांनीही चकार शब्द काढला नव्हता. ‘यांना कान नाहीत,’ असं तेव्हा त्याने मनातल्या मनात म्हटलं होतं. ते आठवून भर रस्त्यात त्याचे कान तापले.

ती बाई पंचेचाळिशीची. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या मागे अर्ध्या अंधारात उभं राहून सूर धरण्यात गेलेलं, आणि आता कुठे हा पहिला अल्बम. सोल म्हणतात त्या जातीचं गाणं. देवापुढे म्हणायचे सूर घरातल्या माणसापुढे लावले की जे होतं ते, अशी त्याची त्याने केलेली सोपी व्याख्या होती. दुपारची वेळ होती. खोलीतल्या टेबलाशी हेडफोन लावून तो बसला होता, पुढ्यात चहा निवत होता. पहिली नऊ गाणी त्याने आवडीने आणि थोड्या सावधपणे ऐकली, सवयीने हाताशी शब्द जमवत. मग दहावं. त्यात ती एका माणसाच्या जाण्याचं वर्णन करत होती, त्याने बूट कसे घातले, किल्ली कुठे ठेवली, घाई नसताना घाई कशी दाखवली. आवाजात तक्रार नाही, जणू बाजारातून आणायच्या वस्तू सांगते आहे. ‘तू निघालास तेव्हा मी’. आणि काहीच नाही. ऑर्गन नाही, टाळी नाही, खरखरही नाही. त्याने हेडफोन काढले नाहीत. कानांवर ती गादी दाबून धरल्यामुळे आतलं रक्त ऐकू येत होतं तेवढंच. आणि तो रडला. इतका, की शेवटी हेडफोन काढून डोळे पुसावे लागले, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतंय, खालून कुणीतरी कुणाला हाक मारतंय, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत आपण रडलो हे कुणालाही कळणार नाही.

कारण असंच झालं होतं. असंच, याच खोलीत, याच टेबलाशी, हेच हेडफोन कानावर असताना त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. हात ओले होते तिचे, ती ते पदराला पुसत नव्हती, नुसते पुढे धरून उभी होती. त्याने एका कानावरची गादी बाजूला केली. दोन्ही नाही, एका. ती म्हणाली, ‘मला तुला एक सांगायचंय. या घरात मी...’ आणि त्याला पुढचं सगळं कळलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. ते नेहमीचंच असणार होतं, की या घरात मी एकटीच बोलते, की या घरात मी आहे की नाही, तेच ते. आणि परीक्षण संध्याकाळच्या आत द्यायचं होतं. ‘कळलं गं,’ तो म्हणाला. रागाने नव्हे, चांगल्या आवाजात. ‘कळलं मला.’ ती क्षणभर थांबली, ‘बरं’ म्हणाली आणि आत गेली. त्याच आठवड्यात ती बहिणीकडे राहायला गेली ती गेलीच, भांडण नाही, आदळआपट नाही, कागदसुद्धा यथावकाश शांतपणे झाले. लोक विचारत, काय झालं? तो सांगे, काही झालं नाही. ते खोटं नव्हतं. गर्दीच्या ठिकाणी, जेवताना, दात घासताना तिचं ते अर्धं वाक्य त्याच्यापुढे येऊन उभं राही आणि तो स्वतःला समजावी, की तिचं बोलून झालंच होतं. पुढे काही नव्हतंच. दहाव्या गाण्याने त्याला नेमकं तेच, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या माणसाच्या तोंडून सांगितलं होतं. म्हणून त्याने एका बैठकीत ते परीक्षण लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: ‘त्या “मी”च्या पुढे काही नसतं, एवढं कळायला माणसाला अर्धं आयुष्य लागतं, या बाईला ते कळलंय.’ वाक्य लिहून झाल्यावर त्याने अंडं उकडून खाल्लं आणि कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

ऑफिसात गेला तेव्हा संपादकबाई फोनवर होत्या. त्याच्यापेक्षा वयाने लहान, पण हाताखालच्या सगळ्यांना आईच्या मायेने झापणाऱ्या. त्याने दार लावून घेतलं तसा त्यांनी फोन ठेवला.

‘काय हो कानसेन, केस कापलेत? बरे दिसताय.’

‘ते गाणं पुढे आहे,’ तो म्हणाला.

‘कुठलं?’

‘दहावं. ते तिथे संपत नाही. मला अर्धंच आलं होतं.’

मग त्यांनी चष्मा काढला. ‘म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?’

‘तुम्हाला होतं?’

‘अहो, पहिल्या आठवड्यातच पत्रं आली. तुमच्या माणसाने कुठला अल्बम ऐकला, म्हणून. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम लिहिलंय. म्हणजे गाणं तिथेच संपायला हवं होतं, असं काहीतरी तुमचं म्हणणं. मी तेच उत्तर छापलं. लोकांना पटलंही.’

‘पण ते खोटं आहे. दुरुस्ती छापू या. दोन ओळी.’

‘आणि काय लिहू? आमच्या परीक्षकांनी गाणं पूर्ण ऐकलं नाही?’ त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. ‘अहो, हे परीक्षण आहे, पंचनामा नाही. शिवाय आता फार पुढे गेलंय ते. तुम्ही बाहेर पडता की नाही? पोरं ते गाणं “मी”वर कापून एकमेकांना पाठवतायत. पोस्टरवर तुमचं वाक्य आहे. एका नर्सबाईंचं पत्र आलंय, की रात्रपाळीहून घरी गेल्यावर त्या तिथपर्यंत ऐकतात आणि बंद करतात, पुढचं ऐकवत नाही म्हणून. त्यांना काय सांगू, बाई, चुकून झालं?’

तो दाराशीच उभा राहिला. संपादकबाईंना वाटलं, त्याला आपली अब्रू जाण्याची भीती आहे. त्यांनी उठून त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि चहा मागवला. अब्रूचा त्याच्या मनात विचारही नव्हता. तो विचार करत होता की त्या नर्सबाई, ती पोरं, पत्र लिहिणारे सगळे, यांना पुढचं ठाऊक आहे आणि ठाऊक असून ते थांबतात. ठाऊक नसून थांबलेला अख्ख्या गावात आपण एकटा. त्या दुपारी त्याने ऐकलेलं गाणं दुसऱ्या कुणी ऐकलेलंच नव्हतं. गाणारीनेसुद्धा ते कधी गायलं नव्हतं. चहा आला तो त्याने उभ्याउभ्याच प्यायला आणि तोंड भाजून घेतलं.

घरी आल्यावर त्याने अल्बम लावला. साधी गोष्ट होती. ज्याच्या त्याच्याकडे तो होता आणि त्याच्याकडेही आता पूर्ण होता. बूट, किल्ली, घाई. ‘तू निघालास तेव्हा मी’. आणि त्याचं बोट पुढे झालं आणि गाणं बंद झालं. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा बोट. हसू आलं त्याला स्वतःचंच. त्याने हात मांडीखाली घेऊन बसायचं ठरवलं, लहानपणी खोड्या करू नयेत म्हणून शाळेत बाई बसवत तसं, आणि तरी ऐन वेळी हात निघालाच. भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. गाण्याला पुढचं आहे तर तिच्या वाक्यालाही होतं. मग त्या दारात ओल्या हातांनी ती जे घेऊन उभी होती ते नेहमीचं नव्हतंच कदाचित. कदाचित ‘या घरात मी फार सुखात आहे, पण’ असंही असेल; किंवा ‘या घरात मी राहावं असं तुला वाटतं का’ असा प्रश्नच असेल, ज्याला उत्तर होतं, ज्याचं उत्तर त्याच्यापाशी तयार होतं आणि एका कानावरची गादी बाजूला करून तो म्हणाला, कळलं. तो खोलीतून उठला, स्वयंपाकघरात गेला, तिथे काही काम नव्हतं म्हणून परत आला. ओट्यावर एकाच माणसाची भांडी पालथी होती. तेव्हा त्याने फोन लावला.

मेहुणीने उचलला. ‘भाऊजी, तुम्ही?’ म्हणाली, आणि तिच्या आवाजात आश्चर्यापेक्षा घाबरणं जास्त होतं. ‘सगळं बरं आहे ना?’ बरं आहे म्हटल्यावर तिने हाक मारली. बराच वेळ फोनमधून पलीकडचं घर ऐकू येत राहिलं, कुणीतरी हसलं, एक दार वाजलं, पाणी सोडल्याचा आवाज आला.

‘बोल,’ बायको म्हणाली. बायको हा शब्द आता चालत नव्हता, पण त्याच्याकडे दुसरा नव्हता.

‘तू माझं ते परीक्षण वाचलंस का? त्या नव्या बाईचं?’

‘वाचलं. हिने दाखवलं. चांगलं लिहिलंयस.’

‘आणि अल्बम?’

‘ऐकला की. काम करताना लावते मी.’

‘ते शेवटचं गाणं...’ तो थांबला. ‘त्यात ती पुढे काय म्हणते?’

मग ती हसली. फार दिवसांनी ऐकलेलं हसू, त्यात मस्करी होती आणि मस्करीच्या खाली काहीतरी दमलेलं. ‘तू पुढचं ऐकलंच नाहीस.’

‘मला अर्धंच...’

‘नाही ना ऐकलंस? आणि एवढं लिहिलंस!’

‘सांग ना. काय म्हणते?’

‘मी नाही सांगणार. एवढी वर्षं तुला मी हेच म्हणत होते, की माझं पुढचं ऐक. आता तिचंही मीच सांगू?’ मग तिचा आवाज मऊ झाला. ‘ऐक जाऊन. मला आवडतं ते. मला तर पुढचंच आवडतं त्यातलं.’

त्याला तिला विचारायचं होतं, की त्या दिवशी तू काय म्हणणार होतीस. ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, ‘बरं, ठेवू? कुकर झालाय,’ आणि तो सवयीने म्हणाला, ‘हो हो, ठेव.’

त्यानंतरचे दिवस त्याने एकाच विचारात काढले. तिला पुढचंच आवडतं. म्हणजे त्या पुढच्यात तिचं काहीतरी आहे. कुणाही शहाण्या माणसाने याला वेडेपणा म्हटलं असतं, एका अनोळखी बाईने गायलेल्या ओळीत आपल्या बायकोचं राहिलेलं वाक्य शोधणं. पण एकट्या माणसाला शहाणपण शिकवायला घरात कुणी नसतं. घरात ऐकणं जमणार नव्हतं. घरात बोट होतं. तेवढ्यात त्या गायिकेच्या कार्यक्रमाचं तिकीट आलं, कंपनीकडून, मानाचं, बरोबर आभाराचा कागद. त्याने तो कागद शब्द न् शब्द वाचला. तिथे बटण नसेल, त्याला वाटलं. तिथे ती समोर उभी असेल आणि ती गाईल तेवढं ऐकावंच लागेल. पुढच्या रांगेतलं ते मानाचं तिकीट त्याने ऑफिसात देऊन टाकलं आणि स्वतः विकत घेऊन मधली जागा घेतली, रांगेच्या अगदी मध्ये, दोन्ही बाजूंना इतके गुडघे की ऐन वेळी पाय काढता घ्यायचा म्हटलं तरी घेता येऊ नये.

सभागृह भरलं होतं. त्याच्या एका बाजूला दोन पोरं होती, दुसऱ्या बाजूला साठीच्या एक बाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या असाव्यात अशा नीटनेटक्या, मांडीवर पर्स धरून बसलेल्या. गायिका आली. फोटोत दिसे त्याहून लहानखुरी, साधे सपाट बूट, आणि पहिल्या काही गाण्यांत ती अजून सवयीने माइकपासून अर्धं पाऊल मागे सरून उभी राहत होती, जणू पुढे दुसरं कुणी गाणार आहे. मग हळूहळू पुढे आली. त्याने एकही शब्द हाताशी जमवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो नुसता ऐकत होता, आणि त्याला जाणवलं की नुसतं ऐकणं अवघड आहे, त्याने अंग दुखतं. दहाव्या गाण्याला दिवे कमी झाले. सभागृहात एक कुजबुज उठली आणि विरली. बूट. किल्ली. घाई नसताना घाई. त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले. मी आहे, मी ऐकतोय, म्हण, तो मनात म्हणत होता, आणि ते त्या गाणारीला उद्देशून नव्हतं.

‘तू निघालास तेव्हा मी’.

ऑर्गन थांबला. तिने मान खाली घातली. दिवे गेले.

सबंध सभागृहात कुणी श्वास घेतला नाही, आणि मग टाळ्या कोसळल्या. लोक उठून उभे राहिले. पोरं शिट्ट्या मारत होती, पुढे कुणीतरी रडत होतं. अंधारात तिचा आवाज आला, दमलेला, खूश: ‘हे इथे संपतं हे मला आधी कळलं नव्हतं. एका जाणत्या माणसाने दाखवून दिलं. आता मी ते असंच गाते.’ टाळ्या दुप्पट झाल्या आणि दिवे परत आले.

‘पुढे?’ तो ओरडला. आपण ओरडतोय हे त्याला ओरडल्यावर कळलं. ‘पुढचं म्हणा! अहो, पुढचं म्हणा ना!’ त्याचा आवाज चिरकला. दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी ‘श्श्’ केलं. एका पोराने दुसऱ्याला कोपर मारलं. तो खुर्चीतच बसून होता, सगळीकडे उभ्या माणसांच्या पाठी होत्या आणि स्टेज दिसत नव्हतं. ‘पुढे काय आहे? पुढचं राहिलंय!’

शेजारच्या बाई खाली वाकल्या. त्यांचा चेहरा ओला होता आणि त्यांना त्याची खरोखरच दया आली होती.

‘संपलं हो,’ त्या त्याच्या कानाशी हळूच म्हणाल्या. ‘हे इथेच संपतं. तुम्ही ते परीक्षण वाचलं नाहीत का?’

‘नाही,’ तो म्हणाला, आणि सगळे उभे होते म्हणून तोही उभा राहिला.